प्रतिपदा ते पंचमी

दिवाळीच्या अमावास्येला पेढीवर वहीपूजन होते. नव्या वहीच्या पहिल्या पानावर केशराने स्वस्तिक काढले जाते, ‘श्री’ची खाली रुंदावत जाणारी उतरंड मांडली जाते आणि गौतमस्वामींची लब्धी, शालिभद्रांची ऋद्धी, अभयकुमारांची बुद्धी या घराला लाभो अशी प्रार्थना लिहिली जाते. वर पान, सुपारी व रुपया ठेवून वही मिटतात. दुसऱ्या दिवशी वीर निर्वाण संवताचे नवे वर्ष लागते. ती वही मात्र बहुतेक पेढ्यांवर पुढच्या दिवाळीपर्यंत कपाटातच राहते.

पूर्वी तसे नव्हते. हिशेबाचे वर्ष निवडण्याची व्यापाऱ्याला मोकळीक होती आणि कित्येक पेढ्यांचे वर्ष दिवाळी ते दिवाळी असे. १९८९-९० या करनिर्धारण वर्षापासून आयकर कायद्याने सर्वांना ३१ मार्च ही एकच अखेर दिली. माल मोजणे, उधारीची यादी, ताळेबंद हे सारे मार्चकडे गेले. दिवाळीकडे पूजा तेवढी उरली. कारभाराच्या दृष्टीने ते योग्यच झाले. परंतु मार्चचा ताळेबंद पेढीचा असतो. घराचे काय आहे, ते कोणाच्या नावावर आहे आणि कोणाला ठाऊक आहे, हे विचारणारा रकाना कोणत्याही विवरणपत्रात नाही.

तालुक्याच्या गावातील एका भुसार पेढीचे उदाहरण पाहावे. दोघे भाऊ, एकत्र कुटुंब, बाजारात शब्दाला मान. श्रावणात थोरले भाऊ अकस्मात गेले. पेढीचे हिशेब संगणकावर चोख होते, जीएसटीची विवरणपत्रे वेळेवर भरलेली होती. तेथे अडले नाही. अडले ते घरात. लॉकर एकट्या भाऊंच्या नावावर, त्यावर नामनिर्देशन नाही. एक मुदत ठेव दहा वर्षांपूर्वी निवर्तलेल्या आईच्या नावाची; तिची पावती कोणीच पाहिलेली नव्हती. तुरीच्या हंगामात खरेदीसाठी धाकट्या जावेचे दागिने तारण ठेवले होते, ते किती रकमेवर, हे तिलाच माहीत नव्हते. हातउसन्या रकमा भाऊंच्या खिशातील डायरीत, त्याही केवळ आद्याक्षरांनी. त्यांतील सर्वांत मोठी रक्कम चार वर्षांपूर्वीची निघाली. घेणारा सभ्यपणे म्हणाला, “आमचे भाऊंशी बोलणे झाले होते.” काय झाले होते, ते सांगायला भाऊ नव्हते. आणि साधारणपणे अशा येण्याची मुदत तीन वर्षांत संपते. त्या मुदतीत ऋणकोने सही करून कर्ज मान्य केले असेल, तरच ती नव्याने मोजली जाते. डायरीत सही कोठेच नव्हती.

घर संपन्न होते. तरीही भेटायला आलेल्या आप्तांनी “सर्व व्यवस्थित आहे ना?” असे विचारले की थोरल्या वहिनी गप्प राहत. त्यांना हो म्हणता येईना, नाही म्हणता येईना. तीस वर्षे त्यांनी घर चालवले होते ते गल्ल्यातून येणाऱ्या रकमेवर. मागितले तेवढे मिळत असे, म्हणून एकूण किती आहे हे विचारण्याची वेळच आली नव्हती.

आपल्या आगमांत याहून निराळा गृहस्थ भेटतो. उपासकदशांग सूत्रातील आनंद श्रावकाने भगवान महावीरांकडे इच्छा-परिमाणाचे व्रत घेतले, तेव्हा त्याने आपली संपत्ती आकड्यांत सांगितली. चार कोटी सुवर्णमुद्रा निधीत, चार कोटी व्यापारात, चार कोटी घरसंसारात. शिवाय गायींचे चार कळप, प्रत्येकी दहा हजारांचा. यापुढे अधिक नको, ही त्याची मर्यादा. व्याख्यानात या कथेतील त्याग सांगितला जातो आणि ते उचितच आहे. पण व्यापाऱ्याच्या नजरेने पाहिले तर त्याआधीची मोजणीही तितकीच डोळ्यांत भरते. आपल्याजवळ काय आहे हे आनंदाला ठाऊक होते, म्हणूनच त्याला मर्यादा घालता आली. आणि त्याचे तीन भाग एकमेकांत मिसळलेले नव्हते. आजच्या पेढ्यांवर निधीचा भाग व्यापारात, घराचाही व्यापारात, आणि हंगाम आला की सुनेच्या बांगड्याही व्यापारात. त्याला आपण धडाडी म्हणतो.

पेढी ज्ञानपंचमीला उघडते. प्रतिपदा ते चतुर्थी असे चार दिवस घरात सगळी माणसे असतात. भाऊबीजेला बहिणीही येतात. घराच्या मोजणीला वर्षात याहून सोयीचा काळ नाही. काम फार मोठे नाही. खाती, ठेवी, विमा, लॉकर यांची यादी आणि प्रत्येकापुढे नामनिर्देशित व्यक्तीचे नाव. २०२५ च्या नोव्हेंबरपासून बँकेतील ठेवीवर चार जणांपर्यंत नावे देता येतात, हिस्सेही ठरवता येतात. लॉकरसाठी मात्र ती एकामागून एक अशाच क्रमाने द्यावी लागतात. बँकेच्या ठेवीला व्याजासह पाच लाखांपर्यंत विमा आहे, प्रत्येक बँकेत प्रत्येक ठेवीदारामागे. पतसंस्थेतील ठेवीला तो नाही. एक टक्का अधिक व्याजासाठी सगळी पुंजी एकाच पतसंस्थेत ठेवणाऱ्या घरांनी हे वाक्य पुन्हा वाचावे.

नामनिर्देशित व्यक्ती मालक होते, हा समज मात्र फार पसरलेला आहे. बँक तिच्या हाती पैसे देऊन मोकळी होते, एवढेच. मालकी मृत्युपत्राने ठरते आणि ते नसेल तर वारसा कायद्याने. जैन कुटुंबांना १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा लागू आहे. मृत्युपत्र न करता गेलेल्या पुरुषाच्या स्वतःच्या संपत्तीत पत्नी, मुलगे, मुली आणि हयात असलेली आई यांना सारखे वाटे मिळतात. अनेक घरांत ओवाळणी झाली की बहिणीपुढे हक्कसोडपत्राचा विषय निघतो. बहिणी सहसा सही देतातही. पण आपण काय सोडत आहोत, याची यादी तिला कोणी दाखवल्याचे क्वचितच आढळते.

त्या भुसार पेढीवर यंदा पूजा साधीच झाली. भाऊबीजेच्या दुपारी थोरल्या वहिनींनी पूजेची वही मागवून घेतली. धाकट्या दिरांना ते प्रथम रुचले नाही. पूजेच्या वहीत घरचे कशाला, असे ते म्हणाले. मग स्वतःच भाऊंची डायरी घेऊन शेजारी बसले आणि आद्याक्षरे ओळखून सांगू लागले. धाकट्या जावेने तारणाची पावती आणून ठेवली. महाविद्यालयात शिकणाऱ्या पुतण्याने, पेढीवर बसण्याची आपली इच्छा नाही, हे दोन वर्षे मनात ठेवलेले वाक्य त्याच बैठकीत सांगून टाकले. त्यावर त्या दिवशी कोणी काही बोलले नाही.

‘श्री’च्या उतरंडीचे पान उलटून वहिनींनी पहिली नोंद केली: “सासूबाईंची ठेव. पावती मिळाली. दोन्ही नणंदांना दाखवणे.”