सहा वाजताचा सामना

प्रो कबड्डीचा मोसम सुरू झाला की आमच्या घरात रात्री आठ ते दहा रिमोट माझ्या हातात. मालिका बंद, बातम्या बंद. भाकऱ्या साडेसातलाच उरकलेल्या असतात. आमचे 'हे' सुरुवातीला कुरकुरायचे. आता शेजारी बसून गुपचूप पाहतात आणि मध्येच विचारतात, "हा गुण कसा काय मिळाला?" मग मी सांगते, अहो, समोर सहा गडी होते, याचा एक पाय बोनस रेषेपलीकडे आणि दुसरा हवेत, म्हणून!

पन्नाशीची बाई कबड्डीवर एवढं बोलते याचं इथं कुणाला नवल वाटू नये. महाड-पोलादपूरच्या पट्ट्यात पोरगं चालायला लागलं की आधी मांडीवर थाप मारायला शिकतं. मी स्वतः कॉलेजात डावा कोपरा खेळायचे. ओढणी कंबरेला आवळून बांधलेली, गुडघे कायम फुटलेले, त्यावर हळद. बारावीनंतर बघायला पाहुणे आले तेव्हा आईने दोनच गोष्टी बजावल्या होत्या. पदर नीट घे, आणि खेळाचं काही बोलू नकोस. साडीत गुडघे दिसत नाहीत ते बरं. माझी कबड्डी तिथंच संपली. बघणं तेवढं राहिलं.

तर या बघणाऱ्या बाईची काही मतं आहेत.

पहिलं मत प्रो कबड्डीच्या बाजूचं. २०१४ साली ही लीग आली तेव्हा मातीतला खेळ मॅटवर नेला म्हणून नाकं मुरडणारे आमच्याकडेही होते. मी त्यातली नव्हते. यू मुंबाचा अनुपकुमार आठवतो? चेहऱ्यावरची रेषा हलत नसे, शांतपणे आत जायचा, एक बोनस खिशात घालून परत. २०१५ मध्ये त्याच्या नेतृत्वाखाली यू मुंबा जिंकली तेव्हा मी देवाला साखर ठेवली होती. पुणेरी पलटणने अस्लम इनामदारच्या नेतृत्वात १ मार्च २०२४ ला विजेतेपद घेतलं तेव्हाही ठेवली. पवन सेहरावतवर २०२३ च्या लिलावात २ कोटी ६० लाखांची बोली लागली. कबड्डीपटूवर! आमच्या वेळी जिंकल्यावर स्टीलचे डबे मिळायचे.

दुसरं मत मात्र कौतुकाचं नाही. दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण मिळवायचाच, नाहीतर बाद, हा नियम खेळ रंगावा म्हणून आणला. झालं उलटंच. पहिल्या दोन चढायांना गडी नुसती हजेरी लावून येतो. निदान रेषा ओलांडली, इकडं तिकडं केलं, की चालला परत. कॉलेजच्या सामन्यांत असं बघायला मिळत नाही. तिथली पोरं-पोरी प्रत्येक चढाई शेवटची असल्यासारखी करतात. चुकतातही भरपूर. कोपरा वेळेआधी झेपावतो, साखळी तुटते, चढाईवाली लोळत लोळत मध्यरेषेला बोटं लावते आणि मैदानाभोवतीची अख्खी गर्दी ओरडते. खरं सांगू? टीव्हीवरच्या दहा सामन्यांपेक्षा मला असा एक सामना जास्त आवडतो.

आता मुद्द्याची गोष्ट. माझी भाची पोलादपूरकडच्या एका वाडीतून कॉलेजला येते, दुसऱ्या वर्षाला आहे. चढाईला अशी जाते की बघत राहावं. दादा-वहिनींना कौतुक आहे, नाही असं नाही. पण परवा वहिनी म्हणालीच, "खेळून खेळून किती खेळणार? पुढं काय आहे त्यात?" भाची माझ्याकडं बघायला लागली. "आत्या, तू सांग ना."

मी काय सांगणार? पोराला सांगता येतं. तालुका खेळ, जिल्हा खेळ, लिलावात नाव येईल. पोरीला?

प्रयत्न झालाच नाही असं नाही. २०१६ मध्ये प्रो कबड्डीच्या चौथ्या मोसमाबरोबर महिलांचं चॅलेंज झालं. तीन संघ होते आणि त्यातल्या आइस दिवाजची कर्णधार आपली अभिलाषा म्हात्रे. अंतिम सामना स्टॉर्म क्वीन्सने फायर बर्ड्सविरुद्ध २४-२३ असा एका गुणाने मारला. याहून रंगतदार काय हवं? पण पुढच्या वर्षी ते चॅलेंज काही आलं नाही. नंतर इकडे तिकडे काही स्पर्धा झाल्या, पण पुरुषांच्या लीगसारखी घराघरांत पोचलेली, दरवर्षी वाट बघावी अशी काही उभी राहिली नाही. म्हणतात, बायकांचा खेळ बघायला लोक नसतात.

अमेरिकेतली माझी मावसबहीण बास्केटबॉलची वेडी आहे. तिने फोनवर सांगितलेलं डोक्यात बसलंय. २०२४ च्या एप्रिलमध्ये तिकडच्या कॉलेज बास्केटबॉलच्या मुलींचा अंतिम सामना टीव्हीवर एक कोटी ऐंशी लाखांहून जास्त लोकांनी पाहिला. मुलांचा अंतिम सामना पाहणारे दीड कोटीच्या आत होते! आयोवा विद्यापीठाची केटलिन क्लार्क त्यात खेळत होती. ती हरली, पण ती व्यावसायिक लीगमध्ये गेली तेव्हा तिला पाहायला स्टेडियमं भरली. पैसा मात्र तिथेही पहिल्या वर्षी पुरुषांच्या मानाने चिमूटभरच, ७६ हजार डॉलरच्या आसपास. म्हणजे तिकडं सगळं आलबेल आहे असं माझं म्हणणं नाही. पण ही पोरगी एका दिवसात प्रसिद्ध झाली नाही. चार वर्षं लोक तिला कॉलेजच्या संघात बघत होते, नावानिशी ओळखत होते. आणि त्यांची महिला लीग १९९७ पासून सुरू आहे. पुरुषांच्या लीगने पाठीशी उभं राहून ती चालवली, एका मोसमात गुंडाळली नाही.

आपल्या पोरी काय कमी आहेत? हांगझोऊच्या एशियाडमध्ये २०२३ ला चायनीज तैपेईला २६-२५ ने हरवून सुवर्ण आणलं. २०२५ च्या नोव्हेंबरात ढाक्याला विश्वचषक जिंकला, त्या संघात मुंबईची सोनाली शिंगटे होती. वडील सुरक्षारक्षक, आई खानावळ चालवणारी, कॉलेजात असताना कबड्डीत आली, शिवशक्ती संघात घडली आणि पुढे पश्चिम रेल्वेत लागली. हा रस्ता आहे, आणि मी भाचीला तोच सांगितला. रेल्वे आहे, पोलीस आहे, सरकारी नोकरीत खेळाडूंचं पाच टक्के आरक्षण आहे. पण सोनालीचं मैदान मुंबईत होतं. वाडीवरच्या पोरीचा सराव शेवटच्या गाडीच्या वेळेवर ठरतो. पाचला सुटलं तर गाडी मिळते, साडेपाचला सुटलं तर बाप मोटारसायकल घेऊन येईपर्यंत फाट्यावर उभं राहायचं.

लीग काढणं काही माझ्या हातात नाही. पण आपल्याकडच्या जत्रांचे, मंडळांचे सामने तर आपल्या हातातले आहेत? पत्रिका बघा. पुरुषांचे सामने रात्री, प्रकाशझोतात, माइकवर समालोचन, रोख बक्षीस आणि चषक. मुलींचा असलाच तर एक 'प्रदर्शनीय सामना', संध्याकाळी सहाला. सहाला कोण येणार? पुरुष कामावरून यायचे असतात आणि बायका चुलीपुढं. मग म्हणायचं, गर्दी नव्हती. २०१६ च्या त्या चॅलेंजचे सामनेही पुरुषांच्या सामन्यांना जोडूनच उरकले होते, हे मला तेव्हाच खटकलं होतं.

म्हणून यंदा आमच्या आळीतल्या बारा-तेरा जणी मंडळाच्या कार्यकर्त्यांकडं गेलो. मुलींचे चार संघ घ्या, उपांत्य सामने सातला आणि अंतिम सामना रात्री नऊला, पुरुषांच्या अंतिम सामन्याच्या आधी ठेवा, एवढंच मागितलं. अध्यक्ष वयाने माझ्या मुलाएवढा. म्हणाला, "काकू, बक्षिसाचे पैसे?" आमच्या बचतगटाने पाच हजार काढलेत. तो हसला, म्हणाला बघतो.

भाचीला अजून काही सांगितलेलं नाही. ती मात्र हल्ली आमच्याकडं आली की अंगणात खडूने बोनस रेषा आखते आणि मला म्हणते, "आत्या, डावा कोपरा पकड." परवा पकडला. गुडघा दोन दिवस दुखत होता.