तालमीच्या खोलीला कुलूप नको

ऑगस्टमध्ये पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात पुरुषोत्तम करंडकाची प्राथमिक फेरी लागली की ‘अरे, आव्वाज कुणाचा!’ आजही दुमदुमतो. १९६३ पासून चालत आलेली ही महाविद्यालयांची एकांकिका स्पर्धा आहे, फिरोदिया करंडक आहे, विद्यापीठांचे युवा महोत्सव आहेत, राज्यभरातली विद्यापीठं एकत्र येतात तो ‘इंद्रधनुष्य’ आहे. वरवर पाहिलं तर सगळं झकास चाललंय. मग काळजी कसली?

काळजी आहे ती करंडकाच्या अलीकडची. स्पर्धेचे चार दिवस शाबूत आहेत, पण वर्षाचे बाकीचे दिवस कुठे गेले? दर आठवड्याला भरणारं वक्तृत्व मंडळ, वादविवाद मंडळ, तास संपल्यावर बाकं भिंतीला लावून सुरू होणारी तालीम, हे सगळं कितीतरी महाविद्यालयांत आता माहितीपत्रकापुरतं उरलंय. एक सत्र संपतं न संपतं तोच दुसऱ्याची परीक्षा डोक्यावर. पाचला शिपाईमामा कुलूप घेऊन उभे, त्यांचाही नाइलाज. स्नेहसंमेलनात डीजेला अख्खी संध्याकाळ आणि विविध गुणदर्शन उरकायचं तासाभरात. वक्तृत्व स्पर्धेचं पत्र आलं की ठरलेल्या दोन नावांना हाक जाते. हुकमी बक्षीस! भाषण मोबाइलवरून उतरवलं, पाठ केलं, म्हटलं, ढाल कपाटात. तिसऱ्या बाकावरच्या मुलीला कुणी विचारलंच नाही.

ही मंडळं, या तालमी वाचवायच्या आहेत त्या तिच्यासाठी.

कारण बोलण्याची विद्या भाषणं ऐकून येत नाही, सगळ्यांसमोर वाईट बोलून येते. तालमीत उभं राहिलेल्यांना ठाऊक आहे, सीनिअर खोलीच्या शेवटच्या भिंतीला टेकतो आणि एवढंच म्हणतो, “ऐकू येत नाही.” मग आपण ओरडतो. “ओरडू नकोस, पोटातून श्वास घे आणि वाक्य संपेपर्यंत पुरव.” आपल्यातले बहुतेक जण वाक्याची शेपूट गिळतात. मराठीत तर क्रियापद शेवटी येतं आणि ‘नाही’ त्याहून शेवटी. शेपूट गिळली की ‘मी हे केलं’ म्हणाला की ‘केलं नाही’, समोरच्याला कळतच नाही. ही एक खोड जायला दोन आठवडे लागतात. मग हातांचं काय करायचं, विराम कुठे घ्यायचा, ब्लँक झालो तर सोबतच्याने कसं सांभाळून घ्यायचं. यातलं काहीही स्पर्धेच्या आदल्या रात्री शिकता येत नाही.

आणि हे तोंडातोंडी चालत येतं. तिसऱ्या वर्षाचे पहिल्या वर्षाला शिकवतात. मध्ये दोन वर्षं गेली की साखळी तुटते. कोरोनाने ती तोडलीच होती. २०२२ मध्ये पुरुषोत्तमच्या परीक्षकांनी करंडक कुणालाच दिला नाही, त्यावर केवढा वाद झाला! निर्णय बरोबर की चूक, यात मी पडत नाही. पण मला त्यात बंद राहिलेल्या तालमीच दिसल्या.

सगळ्यांनी नट किंवा पुढारी व्हायचंय थोडंच? पण गावातला १८ वर्षांवरचा प्रत्येक मतदार ग्रामसभेचा सदस्य असतो आणि तिथे पाण्याच्या टाकीचा हिशोब विचारायला उभं राहावं लागतं. रुग्णाच्या नातेवाइकांना नीट समजावणारा डॉक्टर, तोंडी परीक्षेत ततपप न करणारी इंजिनिअर, सोसायटीच्या सभेत आवाज न चढवता विरोध करणारा माणूस, हे कुठे तयार होणार? १८४८ साली मुंबईत एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनी एक सभा स्थापली. तिथे निबंध वाचायचे, त्यावर चर्चा करायची. त्यातूनच दुसऱ्या वर्षी याच मंडळींनी मुलींच्या शाळा काढल्या. बोलण्याची सवय होती म्हणून करण्याची हिंमत आली, असं मला वाटतं. त्यांच्याकडे ना माईक होता ना ढाल.

तर मंडळी, आता कामाचं बोलू.

प्राध्यापकहो, वेळ नाही हे मान्य. पण नव्या शैक्षणिक धोरणाच्या चौकटीत सांस्कृतिक आणि सादरीकरणाच्या कलांना सहअभ्यासक्रम म्हणून श्रेयांक आहेत. तो कागद फायलीत पडू देऊ नका, त्याच्या आधारे वेळापत्रकात दोन तास मागून घ्या. प्राचार्यांनी एक खोली आणि एक किल्ली द्यावी. दिवे, पडदे, ध्वनियंत्रणा काही नको.

पालकांनो, तालमीला मुलगे सर्रास थांबतात, मुली मात्र घड्याळ बघत निघतात. ‘नाटकं पुरे झाली’ म्हणण्याआधी, तालीम सातला संपेल आणि स्टँडपर्यंत सोबत असेल, एवढं महाविद्यालयाकडून ठरवून घेऊया. हट्ट धरला तर ते नक्की होतं.

आणि आपण माजी विद्यार्थी! पुनर्मीलनाला जेवणावळी घालतो, टी-शर्ट छापतो. त्याऐवजी महिन्यातला एक शनिवार देऊया. आपल्या जुन्या महाविद्यालयात जायचं आणि शेवटच्या भिंतीला टेकून उभं राहायचं. नियम तीनच: ठरलेल्या दोन नावांनी त्या दिवशी फक्त ऐकायचं, कुणाचा व्हिडिओ काढायचा नाही, आणि बक्षीस नाही. चिठ्ठी उचलायची, तीन मिनिटं बोलायचं. मराठी अडलं तर अहिराणीत, मालवणीत, वऱ्हाडीत, घरी बोलता त्या बोलीत बोला. अडखळलं तरी टाळ्या, मग एकच सुधारणा सांगायची, दहा नाही.

पहिल्या शनिवारी सहाच जण येतील. येऊ देत, सहा जणांत प्रत्येकाला दोनदा बोलायला मिळतं. विषय सुचत नसेल तर चिठ्ठीवर लिहा: ‘आमच्या एसटीची वेळ कुणी ठरवली?’ बघा, तिसऱ्या बाकावरून कोण उठतंय.