बाटलीऐवजी वाटी

व्यापारी घराचा दिवस दुकानाच्या वेळेवर चालतो. भंडाऱ्याच्या बाजारपेठेत सकाळी शटर उघडले की गादीवरची बैठक संध्याकाळपर्यंत सुटत नाही. दुपारचा डबा गल्ल्याशेजारीच उघडला जातो आणि चालणे म्हणाल तर दुकान ते घर एवढेच. वयाची चाळिशी उलटते, रक्तदाबाची वा साखरेची पहिली गोळी घरात येते आणि तिच्यासोबत डॉक्टरांचा ठरलेला उपदेशही येतो: मीठ कमी करा, तळलेले कमी करा, कच्च्या भाज्या वाढवा. मग ताटात काकडी-टोमॅटोच्या चकत्या येतात. दोन-चार दिवस त्या निमूटपणे खाल्ल्या जातात आणि पाचव्या दिवशी डब्यातून तशाच परत येतात.

अशा वेळी घरातील सून किंवा कन्या नागपूरच्या मोठ्या दुकानातून सॅलडवर घालायच्या ड्रेसिंगची बाटली आणते. हेतू चांगला असतो. मात्र ती बाटली उघडण्यापूर्वी, मालाची पावती ज्या डोळ्यांनी वाचली जाते, त्याच डोळ्यांनी तिच्या पाठीवरची बारीक अक्षरे वाचावीत. घटकपदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात. त्यामुळे तेल, साखर, मीठ ही नावे जितकी वर, तितके त्यांचे प्रमाण अधिक. यादीत पुढे लसूण आणि कांद्याची पूड अनेकदा सापडते. व्हिनेगर बहुधा असतेच, आणि ते आंबवून केलेले असल्याने अनेक जैन घरांत वर्ज्य मानले जाते. काही प्रकारांत मध असतो. हिरव्या ठिपक्याने येथे समाधान मानता येत नाही, कारण दूध, दुग्धजन्य पदार्थ आणि मध यांची गणना आपल्या अन्ननियमांत मांसाहारी घटकांत होत नाही. हिरवा ठिपका शाकाहाराची खूण आहे, जैन आहाराची नव्हे.

म्हणजे ज्याच्या प्रकृतीसाठी बाटली आणली, त्याला ती मीठ-साखर देते. आणि ज्या घरात आणली, त्या घराची मर्यादा मोडते. ड्रेसिंग हा शब्द मात्र वाटतो तितका परका नाही. आंबट, तिखट, किंचित गोड, थोडे मीठ आणि त्यांना बांधून ठेवणारा स्निग्ध पदार्थ, एवढाच त्याचा संसार. लिंबू पिळून, दाण्याचा कूट घालून, वर हिंग-जिऱ्याची फोडणी दिलेली काकडीची कोशिंबीर याहून वेगळे काय असते?

स्निग्धतेची येथे खरी गरज असते. टोमॅटो आणि ढोबळी मिरची यांतील रंगद्रव्ये, तसेच अ, ई आणि के ही जीवनसत्त्वे स्निग्ध पदार्थात विरघळतात. ताटात थोडेही तेल नसेल, तर त्यांचा मोठा भाग शरीराला मिळत नाही. म्हणून पथ्य म्हणजे कोरड्या चकत्या, ही समजूत बरोबर नाही. दुसरीकडे तेलाचा हात सैल सोडणेही बरे नाही. चहाच्या एका चमचाभर तेलातून सुमारे चाळीस उष्मांक मिळतात. चार माणसांच्या कोशिंबिरीला दोन चमचे तेल पुरेसे होते. लिंबाच्या रसाचा आणखी एक लाभ असा की, त्यातील क जीवनसत्त्वामुळे धान्य, डाळी आणि भाज्या यांतील लोह शरीरात अधिक चांगले शोषले जाते. घरातील स्त्रियांसाठी ही बाब विशेष महत्त्वाची आहे.

तेल कोणते घ्यावे, याचे उत्तर भंडारा जिल्ह्याच्या बांधावरच आहे. वैनगंगेच्या या धानपट्ट्यात कापणीपूर्वी उभ्या धानात, जमिनीत ओल असतानाच, जवस आणि लाखोरी फेकून पेरण्याची उतेरा पद्धत जुनी आहे. धान निघाल्यावर त्याच ओलीवर जवस वाढतो आणि थंडीत निळसर फुलांनी बांधी भरून जाते. पूर्व विदर्भात जवसाचे तेल खाण्यात वापरण्याची रीत होती. पुढे डब्यातील शुद्ध केलेल्या तेलांनी तिची जागा घेतली. जवसाच्या दाण्यात साधारण चाळीस टक्के तेल असते, आणि त्या तेलाचा निम्म्याहून अधिक भाग ओमेगा-३ वर्गातील अल्फा-लिनोलेनिक आम्लाचा असतो. मासे वर्ज्य असलेल्या घरासाठी वनस्पतीतून मिळणारा हा मोठा ठेवा आहे.

हे तेल तापविण्यापेक्षा कच्चेच वापरावे, म्हणून ते कोशिंबिरीसाठी उत्तम. ते लाकडी घाण्यावर काढलेले, खाण्यासाठी म्हणून विकले जाणारेच घ्यावे. रंगाच्या दुकानात मिळणारे उकळलेले जवसाचे तेल लवकर वाळावे म्हणून त्यात धातूंची संयुगे मिसळलेली असतात. ते चुकूनही स्वयंपाकघरात येऊ नये. खाण्याचे तेल थोडेच आणून गडद बाटलीत, थंड जागी ठेवावे. वासाला रंगासारखे किंवा चवीला कडू लागले, तर ते खवट झाले असे समजून टाकून द्यावे. रक्त पातळ करणारी औषधे चालू असणाऱ्यांनी जवसाचा नित्य वापर डॉक्टरांना विचारूनच सुरू करावा. जवसाचे तेल न मिळाल्यास घाण्याचे तीळ, शेंगदाणा किंवा मोहरीचे तेल चालते.

आता प्रत्यक्ष कृती. पुढील प्रमाण चार माणसांसाठी असून चमचा म्हणजे चहाचा चमचा.

पहिली कृती फेसलेल्या मोहरीची. अर्धा चमचा मोहरी खलात कुटावी, चमचाभर थंड पाणी घालून घोटावी आणि दहा मिनिटे तशीच ठेवावी. मोहरीचा झणका दाणा फुटून थंड पाणी लागल्यावरच जागा होतो. गरम पाणी किंवा आंबट आधी घातले तर तो मंदावतो. म्हणून लिंबू नंतर. दोन चमचे लिंबाचा रस, अर्धा चमचा किसलेला गूळ आणि पाव चमचा मीठ घालून ढवळावे. शेवटी दोन चमचे जवसाचे तेल थेंबाथेंबाने घालत घोटत राहावे. मोहरीमुळे तेल आणि रस एकजीव होतात व मिश्रण दाटसर दिसते. काकडी, टोमॅटो, ढोबळी मिरची यांवर हे शोभते. मधाचे काम येथे गूळ करतो. मात्र साखरेचा विकार असलेल्यांसाठी गूळही साखरच, हे विसरू नये. त्यांच्या वाटीत तो घालू नये.

दुसरी कृती भाजलेल्या जवसाची. दोन चमचे जवस मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजावा आणि गार झाल्यावर पाव चमचा जिरे व दोन सुक्या मिरच्यांसह बारीक करावा. अख्खा दाणा बहुधा न पचताच निघून जातो, म्हणून दळणे आवश्यक. आणि भाजण्याने कच्च्या दाण्यातील नको असलेली द्रव्ये कमी होतात. या पुडीत चार चमचे कोमट पाणी, दोन चमचे लिंबाचा रस आणि पाव चमचा मीठ घालून पाच मिनिटे ठेवावे. जवसाला पाणी लागताच बुळबुळीत दाटपणा येतो. अंड्याने जो घट्टपणा बाजारच्या मेयोनेझला येतो, तो येथे जवस देतो. उकडलेले मक्याचे दाणे आणि काकडी यांच्यावर हे फार चांगले लागते.

तिसरी कृती दाण्याच्या कुटाची. चार चमचे भाजलेल्या शेंगदाण्यांचा कूट, लिंबाएवढ्या चिंचेचा कोळ, अर्धा चमचा गूळ, चिमूटभर तिखट, पाव चमचा मीठ आणि लागेल तसे पाणी एकत्र वाटावे. दाण्यातच तेल असल्याने वरून तेल घालू नये. हिवाळ्यात याच रीतीने भाजलेला तीळ वाटावा. परदेशी हॉटेलांत मिळणारी तिळाची पांढरी चटणी ती हीच, लसूण वजा करून. ज्या घरांत फाल्गुन चौमासीपासून कार्तिकापर्यंत तीळ वर्ज्य असतो, तेथे त्या काळात दाण्याचा कूटच ठेवावा.

चौथी कृती दह्याची. वाटीभर ताजे दही पातळ फडक्यात अर्धा तास टांगावे, मग फेटून त्यात भाजलेल्या जिऱ्याची पूड, मिरी, पाव चमचा मीठ आणि आवडत असल्यास किसलेली कैरी घालावी. हे दही डाळीच्या कोशिंबिरीवर किंवा उकडलेल्या हरभऱ्यावर घालू नये. कच्चे गोरस आणि द्विदल यांचा संयोग आपल्याकडे वर्ज्य आहे. फोडणीत मेथीदाणा पडत असेल, तर तोही याच कारणाने टाळावा. डाळी-कडधान्यांसाठी चिंच, आमचूर किंवा लिंबाची कृती घ्यावी. मोड आलेली कडधान्ये अनंतकायात मोडत असल्याने ती अर्थातच या ताटात नाहीत. दह्याची मुदत कोठे दोन रात्रींची, तर कोठे चोवीस तासांची मानतात. घराच्या रीतीप्रमाणे चालावे.

तिथीच्या दिवशी हिरवे वर्ज्य असते, तेव्हा ड्रेसिंगचे प्रयोजन संपते असे नाही. आमचूर, भाजलेले जिरे, मिरी, थोडे तेल आणि पाणी यांचे मिश्रण उकडलेल्या मुगावर घातले की जेवणाला चव येते. गिळगिळीत मूग आणि कोरडा खाकरा यांना कंटाळलेली मुलेही ते आवडीने खातात.

मिठाविषयी एक हिशेब प्रत्येक घराने मांडावा. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सुचविते. म्हणजे सपाट चमचाभर. भाजी, वरण, पापड, लोणचे, खाकरा यांतच ते बहुधा संपलेले असते. वरील प्रत्येक कृतीतील पाव चमचा मीठ चार जणांत वाटले जाते, आणि आंबट पुरेसे असल्यास तेही निम्मे करता येते. आंबटपणा मिठाची उणीव झाकतो, हे लक्षात ठेवल्यास रक्तदाबाच्या रुग्णाला ताट अळणी वाटत नाही.

भांड्याची गोष्ट भंडाऱ्यात सांगायलाच हवी. हे पितळी भांड्यांचे गाव. येथे जुन्या घरांत आजही पितळेचे गंज, परात आणि वाट्या आहेत. लिंबू, चिंच, दही यांचे आंबट पितळेतील तांबे खाते आणि अन्न कळकते. कल्हई होती ती याच कारणासाठी. कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात यांतील कोणतेही मिश्रण कालवू वा ठेवू नये. दगडी खल, काच, चिनी माती किंवा स्टील यांचा वापर करावा.

राहिला प्रश्न वेळेचा. बाटली सोयीची वाटते ती यासाठी की, ती महिनोन्महिने टिकते. घरची वाटी टिकत नाही. आणि तिने टिकूही नये. दळलेला जवस हवेशी संयोग होताच बिघडू लागतो. पावसाळ्यात पिठासाठी ३ दिवस, उन्हाळ्यात ५ आणि हिवाळ्यात ७ दिवस ही मर्यादा पाळणाऱ्या घरांना हे वेगळे शिकवावे लागत नाही. हवामानानुसार थोडे दळून थोड्या दिवसांत संपविण्याची सवय त्यांच्या हाताला आहेच. कोरडी पूड या मर्यादेत करून ठेवावी आणि ओले मिश्रण रोज सकाळी दहा मिनिटांत करावे. डब्यात चिरलेली भाजी वेगळी व ड्रेसिंग छोट्या डबीत वेगळे द्यावे, कारण मीठ लागताच काकडीला पाणी सुटते आणि दुपारपर्यंत सारे लिबलिबीत होते. जेवायला बसल्यावरच वरून घालावे. सूर्यास्तापूर्वीच्या जेवणापर्यंत उरलेले संपवावे.

तुमसर-साकोलीच्या बाजारात जवसाची पोती दरवर्षी येतात. कित्येक वाचकांच्या दुकानांतूनच तो माल पुढे जातो. गोदामातील त्या पोत्यातून पावशेर जवस घरच्या डब्यात आला आणि सासूबाईंच्या हाताची फेसलेली मोहरी सुनेने शिकून घेतली, तर बाटलीची गरज उरणार नाही. त्या वाटीत काय पडले, हे ती करणाऱ्या हाताला ठाऊक असते. आणि पथ्याचा डबा दुपारी रिकामा होऊन परत येतो, यापेक्षा घरच्या माणसांना आणखी काय हवे असते?