गाडीच्या तोंडाला काळं!

दादाच्या मते क्रोम म्हणजे वरातीतली गाडी. पांढरी इसुझु व्ही-क्रॉस घेतल्यापासून पुढच्या जाळीवरचं आणि मागच्या फाळक्यावरचं चकचकीत नाव त्याच्या डोळ्यांत खुपत होतं. फॅशन त्याच्या एकट्याची नाही. 2025 मध्ये टोयोटाने भारतात हायलक्स पिकअपची 'ब्लॅक एडिशन'च आणली. रविवारी आम्ही सोलता येणारा काळा रबरी स्प्रे घेऊन खाली उतरलो.

बाबा गॅलरीतून ओरडले, "एवढे पैसे मोजून गाडीच्या तोंडाला काळं फासतोस?" त्यांचंही बरोबर होतं. नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघितल्यावर मिळालेल्या चेतकवरचं नाव ते दर रविवारी जुन्या बनियनने चमकवायचे.

तुम्हालाही करायचंय? बॉस, घाई नको. गुळगुळीत क्रोमवर साध्या रंगाचे पोपडे निघतात. आधी शॅम्पूने धुवा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पॉलिश पुसून काढा. आजूबाजूला मास्किंग टेप आणि पेपर. पहिला हात अगदी हलका, मग थांबत थांबत चार-पाच. शेवटचा हात ओला असतानाच टेप काढा. अक्षरांभोवतीचा रंग सुकल्यावर टूथपिकने कड मोकळी करून सोला. आणि हो, नंबरप्लेटच्या वाटेला जाऊ नका!

सोलायच्या वेळी बाबा खाली आले. "निघतं ना हे परत?"

"हो बाबा, कधीही."

माझ्या हातातली टूथपिक घेऊन त्यांनी पहिल्या अक्षराची कड अशी सफाईने कोरली, की दादा बघतच राहिला.

"वाईटच दिसतंय," असं ते अजून म्हणतात. पण काल सकाळी बनियन घेऊन तेच काळं नाव पुसत होते.