जुनं बदला, पण विचार करायचा वेळ हिरावू नका

एखादी गोष्ट जुनी आहे म्हणून ती जपा, हा युक्तिवाद आपण कधीच मान्य केलेला नाही. मग एखादी गोष्ट जुनी आहे म्हणून ती फेकून द्या, हा युक्तिवाद तरी का मान्य करायचा? दोन्हींत चिकित्सेचा पत्ता नाही. फायनल फँटसी या जपानी गेम मालिकेवरून जगभरचे खेळणारे अनेक वर्षं भांडताहेत, तिथे नेमकं हेच चाललं आहे. एक गट म्हणतो, आळीपाळीने लढायची टर्न-बेस्ड पद्धत जशीच्या तशी परत आणा. दुसरा म्हणतो, ती म्हाताऱ्यांची आवड, आता दणादण बटणं दाबायचा जमाना आहे. माझं मत स्पष्ट आहे. दोघेही चुकताहेत, पण दुसऱ्यांची चूक जास्त घातक आहे.

आधी परंपरावाद्यांचा समाचार घेऊ. हे लोक ज्याला 'अस्सल' म्हणतात, ते नेमकं कुठलं? पहिला भाग डिसेंबर १९८७ मध्ये फॅमिकॉमवर आला. त्यात चार जणांची टोळी असायची, चौघांनाही आधी हुकूम द्यायचे आणि मग लढाई बघायची. तुम्ही दोघांना एकाच राक्षसावर सोडलं आणि तो पहिल्याच घावात मेला, तर दुसऱ्याचा घाव सरळ हवेत वाया! ही परंपरा परत हवी आहे का कुणाला? १९९१ मध्ये चौथ्या भागाने 'अ‍ॅक्टिव्ह टाइम बॅटल' आणलं आणि तुम्ही विचार करत बसलात तरी शत्रू थांबेनासा झाला. २००१ च्या दहाव्या भागात वेळेची ती धावपळ पुन्हा काढून टाकली. बाराव्यात, २००६ मध्ये, साथीदारांनी कधी काय करायचं याचे नियम आपणच आधी लिहून ठेवायचे, अशी रचना आली. म्हणजे बदल हीच या मालिकेची परंपरा आहे. तेव्हा 'मूळ रूप' नावाची मूर्ती बसवून तिची पूजा करणं बंद करा.

पण मित्रांनो, या सगळ्या बदलांत एक गोष्ट टिकून होती, तिकडे लक्ष द्या. लढणारी टोळी होती, आणि त्या टोळीत कुणी काय करायचं हे ठरवणारे तुम्ही होता. कुणी जखमा भरायचा, कुणी तलवार चालवायचा, कुणी मंत्र टाकायचा. एकटा कितीही बलवान असला तरी पुरा पडत नसे. डोकं चालवलं तर दुबळी टोळीही मोठ्या शत्रूला लोळवायची.

जून २०२३ मध्ये आलेल्या सोळाव्या भागाने हेच मोडलं. लढाई पूर्ण अ‍ॅक्शन झाली. तुमच्या हातात एकटा क्लाइव्ह. साथीदार आपले आपण लढतात, तुम्ही हुकूम देऊ शकता तो फक्त टॉर्गल नावाच्या कुत्र्याला. टोळी गेली आणि एकटा नायक उरला.

याचं समर्थन काय केलं गेलं? निर्माते नाओकी योशिदा यांनी मुलाखतीत सांगितलं की आदेश निवडून लढण्यात काय मजा आहे हे कळत नाही, असं ते बरीच वर्षं ऐकत आले आहेत, विशेषतः तरुणांकडून. योशिदा लहान माणूस नाही. २०१० मध्ये आपटलेला चौदावा भाग २०१३ मध्ये नव्याने उभा करणारा हाच माणूस. आपण आदेश देऊन खेळायच्या गेमवरच वाढलो, हेही तो प्रामाणिकपणे सांगतो. पण माणूस मोठा आहे म्हणून त्याचा युक्तिवाद तपासायचा नाही, असं होत नाही.

तर तपासू. पोकेमॉनची मुख्य मालिका १९९६ पासून २०२२ च्या स्कार्लेट-व्हायोलेटपर्यंत टर्न-बेस्डच आहे. ती खेळतं कोण? शाळकरी पोरं! सोळाव्या भागानंतर दोनच महिन्यांत 'बॉल्डर्स गेट ३' आला. एकेक पाऊल मोजून, थांबून, विचार करून खेळायचा गेम. त्या वर्षीच्या द गेम अवॉर्ड्समध्ये 'गेम ऑफ द इयर' तोच ठरला. एप्रिल २०२५ मध्ये फ्रान्समधल्या सँडफॉल या नवख्या स्टुडिओने 'क्लेअर ऑब्स्क्युअर: एक्सपिडिशन ३३' काढला. मूळ चमू जेमतेम तीसेक जणांचा. तीन दिवसांत १० लाख प्रती खपल्या. त्यात शत्रूचा वार चुकवायला हात चपळ लागतात, हे खरं. पण तुमची पाळी आली की गेम तुमच्यासाठी थांबतो. मग तरुणांना विचार करायचा कंटाळा आहे, हे ठरवलं कुणी? तरुणांना गृहीत धरून त्यांच्या नावाने निर्णय घेणारे आपल्याला नवे नाहीत.

आता खरा प्रश्न. अ‍ॅक्शन झाल्याने बाहेर कोण पडतं? ज्याचा एक हात चालत नाही तो. ज्याची बोटं कापतात तो. ज्याची नजर मंद आहे तो. टर्न-बेस्ड लढाईत तो आणि चपळ बोटांचा पोरगा एकाच पातळीवर असतात, कारण तिथे परीक्षा निर्णयाची असते. सोळावा भाग अशांना अंगठ्या देतो. एक अंगठी घातली की वार आपोआप चुकतात, दुसरी घातली की एकाच बटणाने झकास हल्ले होतात. ही सोय वाईट नाही, ती असायलाच हवी. पण सोय आणि सहभाग यांत फरक आहे. अंगठी तुमच्या वतीने लढते. तुमचा निर्णय तुम्हाला परत देत नाही.

आणि खिशाचं काय? सोळावा भाग पहिलं सव्वा वर्ष फक्त प्लेस्टेशन ५ वर होता. हे यंत्र भारतात २०२१ मध्ये आलं तेव्हा डिस्कवाल्या मॉडेलची किंमत होती ४९,९९० रुपये. याच मालिकेचे पहिले सहा भाग आज साध्या मोबाईलवर चालतात. एसटीत उभं राहूनही एका अंगठ्याने खेळता येतात. दोष फक्त लढाईच्या पद्धतीचा नाही, हे मान्य. पण डोळे दिपवणारी अ‍ॅक्शन आणि महागडं यंत्र हातात हात घालून येतात, हेही खरं.

कुणी म्हणेल, बाजाराने कौल दिला आहे, पहिल्या आठवड्यात ३० लाख प्रती गेल्या. गेल्याच. पण सोळाव्या भागाचा नफा अपेक्षेइतका झाला नाही, असं २०२४ मध्ये कंपनीनेच सांगितलं. तोही मी माझ्या बाजूचा पुरावा म्हणून वापरणार नाही, कारण एकाच यंत्रावर विकल्याचा फटका त्यात असू शकतो. खपाच्या आकड्याने योग्य-अयोग्य ठरत नसतं.

मार्ग नाही असंही नाही. २०२० च्या 'फायनल फँटसी सात रीमेक'मध्ये लढाई वेगवान आहे, पण आदेश निवडताना काळ जवळपास थांबतो. टोळीतल्या साथीदारांनाही तुम्ही चालवता. 'क्लासिक' पर्याय निवडला तर धावपळ यंत्र करतं आणि निर्णय तुम्ही घेता. वेग यंत्राकडे, विचार माणसाकडे. त्या अंगठ्यांच्या बरोबर उलट!

तेव्हा मागणी एवढीच. पुढच्या भागात १९८७ परत आणू नका, आम्हाला ते नको आहे. चित्रं बदला, कथा बदला, वेग वाढवा. पण टोळी परत द्या, आणि प्रत्येक खेळणाऱ्याला थांबून ठरवायचा हक्क द्या. जो हळू आहे तो मूर्ख नसतो. त्याला वेळ द्या, मग बघा तो काय करतो ते.