टॉवर गच्चीवर, फोन कानाशी

सोसायटीच्या गच्चीवर मोबाइल टॉवर येणार म्हटलं की एरवी एकमेकांशी न बोलणारे सभासदही एकत्र येतात, निवेदनं देतात, कोर्टाची पायरी चढतात. मुलांच्या मेंदूची काळजी खरीच असते, पण ती भलत्या ठिकाणी खर्च होते. मोबाइलच्या रेडिओ लहरींची तीव्रता अंतराबरोबर झपाट्याने घटते. त्यामुळे मेंदूत शिरणाऱ्या ऊर्जेत मोठा वाटा असतो तो कानाला लावलेल्या फोनचा. रेंज कमी असली की फोन आणखी जोर लावतो. म्हणून जवळचा टॉवर हटवला, तर मुलाच्या डोक्यापाशी लहरी वाढण्याचीच शक्यता जास्त.

स्मरणशक्तीबद्दलचा सर्वांत विचारात घेण्यासारखा पुरावा स्वित्झर्लंडचा आहे. तिथे 12 ते 17 वर्षांच्या सुमारे 700 मुलांच्या मेंदूला वर्षभरात किती लहरी मिळाल्या याचा अंदाज बांधला गेला. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, ज्यांना त्या जास्त मिळाल्या त्यांची आकृत्या लक्षात ठेवण्याची क्षमता तुलनेने मागे पडली. उजव्या कानाला फोन लावणाऱ्यांत हे अधिक ठळक होतं, आणि अशी स्मृती मुख्यतः मेंदूच्या उजव्या भागाशी जोडलेली असते. मेसेज किंवा गेम यांत मेंदूला लहरी जवळपास मिळतच नाहीत. त्यांचा असा संबंध आढळला नाही. सगळा दोष फोनच्या सवयीचा असता, तर तिथेही हा संबंध दिसायला हवा होता.

एका अभ्यासाने कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, हा आक्षेप मला मान्य आहे. जागतिक आरोग्य संघटनेने करवून घेतलेल्या 2024 च्या आढाव्यातही, प्रयोगांतल्या अल्पकालीन संपर्काने आकलनशक्ती घटल्याचं आढळलं नाही. पण थोड्या वेळाच्या प्रयोगावरून वाढत्या वयातल्या मेंदूच्या वर्षांचा हिशेब लागत नाही. त्याच फोनमधून मुलाच्या मेंदूला प्रौढांपेक्षा सरासरी दुप्पट ऊर्जा मिळते, हे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2011 मध्येच नोंदवलं आहे. उलट दिशेचा पुरावाही लपवू नये: 2010 मध्ये फ्लोरिडातल्या संशोधकांना अल्झायमर्सची प्रवृत्ती असलेल्या उंदरांची स्मृती या लहरींमुळे सुधारलेली दिसली. त्यावरून आजी-आजोबांना सल्ला देणं घाईचं ठरेल, पण वयानुसार उत्तर बदलू शकतं, हे त्यातून सुचतं.

भारतात फोनसाठी प्रति किलो 1.6 वॅटची मर्यादा आहेच, असं सांगितलं जातं. ती ऊतींच्या तापण्याचा विचार करून ठरली आहे, स्मृतीचा नव्हे. आणि चाचणीच्या कृत्रिम डोक्याचा साचा अमेरिकी लष्करातल्या पुरुषांच्या मापांचा आहे. वायरचा इअरफोन किंवा स्पीकर वापरला की डोक्याला मिळणाऱ्या लहरी कितीतरी कमी होतात. सोसायट्यांनी पुढच्या सभेत हा विषय घ्यावा आणि शाळांनी पालकांना हे लेखी कळवावं.