घरातल्या मृत्यूची चौकशी

मराठी समीक्षेने रहस्यकथेचा खटला कधी चालवलाच नाही; निकाल मात्र केव्हाच देऊन टाकला. 'निव्वळ रंजन' हा तो निकाल. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या, सुहास शिरवळकरांनी कॉलेजच्या पोरांना वाचनाचे वेड लावले, एवढी दखल घेऊन वाङ्मयेतिहासकार पुढच्या प्रकरणाकडे वळतात. मराठी शिकवणे हाच आमचा व्यवसाय असल्याने या निकालाविरुद्ध दाद मागणे आम्हांला अगत्याचे वाटते. मात्र आमची फिर्याद दोघांवर आहे: समीक्षकांवर, आणि खुद्द रहस्यकथाकारांवरही.

आम्ही शिकवतो त्या मनमाडला पुस्तकांची ही वर्णव्यवस्था ढळढळीत दिसते. मराठवाड्याचा लोहमार्ग मीटरगेज होता तोवर तिकडून मुंबईला जाणाऱ्याला येथे गाडी बदलावीच लागे. फलाटावर ताटकळताना वाचली जाई ती रहस्यकथा. कॉलेजच्या कपाटात कुलूपबंद राही ते साहित्य. पहिलीला वाचक लाभले, दुसऱ्याला प्रतिष्ठा.

आधी रहस्यकथाकारांवरील आरोप. झुंजार, काळापहाड, धनंजय यांच्या जगात गुन्हा बहुधा बाहेरून येतो. मुखवटा गळतो, गुन्हेगार गजाआड होतो आणि घर पुन्हा निष्कलंक ठरते. परंतु मराठी घराचे खरे रहस्य माजघरात असते. पाय घसरून विहिरीत पडलेली सून, स्टोव्हच्या भडक्यात गेलेली लेक, वाटणीच्या वर्षी परागंदा झालेला धाकटा भाऊ: प्रत्येकाला काहीतरी ठाऊक असते आणि कुणीच बोलत नाही. या मौनापाशी आमचा गुप्तहेर क्वचितच पोचला.

केट अ‍ॅटकिन्सन यांची 'केस हिस्टरीज' ही 2004 सालची इंग्रजी कादंबरी नेमकी तेथूनच सुरू होते. केंब्रिजमधला जॅक्सन ब्रॉडी हा माजी पोलीस आता खासगी गुप्तहेर आहे. त्याच्याकडे येणारी प्रकरणे जुनी. 1970 मध्ये बागेतल्या तंबूतून तीन वर्षांची मुलगी नाहीशी झाली. वडील वारल्यावर त्यांच्या खोलीत तिचा खेळण्यातला निळा उंदीर सापडतो, तेव्हा तिच्या बहिणी त्याला गाठतात. दुसरीकडे एक बाप मुलीच्या मारेकऱ्याचा माग दहा वर्षांनंतरही सोडू शकत नाही. ब्रॉडीची स्वतःची बहीणही मारली गेलेली आहे. गुन्हेगार कोण ते कळते. वाचकाच्या मनात उरतात ती मागे राहिलेली माणसे.

यावर ठरलेला आक्षेप येतो. खासगी गुप्तहेर आपल्याकडे फार तर लग्नाआधी स्थळाची चौकशी करतो. जुनी मढी उकरायला त्याला कोण बोलावणार? आमचे म्हणणे, घराण्याची माहिती काढणारा हा माणूस कादंबरीच्या उंबरठ्यावरच उभा आहे. त्याच्या हाती वॉरंट नाही, कोठडी नाही. विचारणे, ऐकणे आणि वाट पाहणे एवढेच त्याचे अधिकार, कादंबरीकाराचेही तेवढेच. राहता राहिला जुनेपणा. खुनाच्या खटल्याला भारतीय कायद्यात मुदत नाही. 'झाले गेले गंगेला मिळाले' हा कायदा कुटुंबाने केला आहे, आणि त्याचा लाभ गेलेल्या माणसाला सोडून इतर सर्वांना होतो.

1982 मध्ये पुण्यात लग्नानंतर अवघ्या चार महिन्यांत एका तरुणीचा विषाने मृत्यू झाला. तिने बहिणीला आणि मैत्रिणीला लिहिलेली पत्रे पुरावा म्हणून न्यायालयापुढे आली. 1984 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आरोपीला निर्दोष ठरवले आणि परिस्थितिजन्य पुराव्याच्या पाच कसोट्या घालून दिल्या. संशय कितीही दाट असला तरी तो पुरावा नव्हे, हे न्यायालयाने सांगितले ते योग्यच. गुन्हा सिद्ध झाला की नाही, हा न्यायालयाचा प्रश्न तेथे संपला. पत्रात लिहिण्याइतके दुःख समोर बसून कुणाला का सांगता येत नाही, हा प्रश्न उरला. तो कादंबरीचा प्रश्न आहे.

आता समीक्षक. त्यांचे मत असे, की उत्तर कळले की रहस्यकथा संपते. महेश एलकुंचवारांच्या 'वाडा चिरेबंदी'त घरची मुलगी दागिने घेऊन निघून जाते. हे ठाऊक असूनही आपण ते नाटक पुन्हा पुन्हा वाचतो, शिकवतो. कारण दागिने गेल्यावर घरात काय उरले ते प्रत्येक वाचनात नव्याने दिसते. तेव्हा दोष रहस्याचा नव्हे, उत्तरापाशी थांबणाऱ्या लेखणीचा आहे. आणि प्रकाराकडे पाहून पुस्तक न वाचणाऱ्या समीक्षेचाही.

अभ्यासमंडळांकडे आमची मागणी साधी आहे: एम.ए.च्या अभ्यासक्रमात एक रहस्यकादंबरी लावा, आणि इतर कादंबऱ्यांना लावता त्याच कसोट्या तिलाही लावा. नापास झाली तर खुशाल काढून टाका. रहस्यकथाकारांना आमचे सांगणे याहून थोडके. दरोडेखोरांचा पाठलाग पुष्कळ झाला. आता घरच्यांना प्रश्न विचारा.